‘किनके नाम से?’ : तोंडी राहिलेल्या घराण्यांचा इतिहास

शबे-बरातच्या रात्री आमच्या इस्लापूरच्या घरी फातेहा द्यायची वेळ झाली की दस्तरखान अंथरले जाते. हलवा आणि चपात्या मांडल्या जातात, ऊद जळत असतो आणि फातेहा देणारे बुजुर्ग विचारतात, ‘‘किनके नाम से?’’ मग घरातले वडीलधारे माणूस मरहूमांची नावे एकेक करून सांगते. आमच्या घरी ही नावे दादी सांगायची, दाराच्या पडद्याआडून, बोटांच्या पेरांवर मोजत. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या मोजणीत बावीस पेरे भरत. दादी गेल्यानंतरच्या शबे-बरातला अब्बांनी नावे सांगितली. दादीचे स्वतःचे नाव धरूनही ती एकोणीस पेरांवर संपली. कोणती चार नावे सुटली, हे सांगू शकेल असे घरात कोणी उरले नव्हते.

मराठवाड्यातल्या सामान्य मुसलमानाच्या घराण्याचा इतिहास हा असा आहे. तो कुठे लिहिलेला नाही. तो कोणाच्या तरी तोंडी असतो आणि ते माणूस गेले की त्याचा एक तुकडा त्याच्याबरोबर कबरीत जातो. सय्यद घराण्यांकडे शिजरा असतो, दर्गाहच्या सज्जादांकडे सिलसिला असतो, इनामदारांकडे मुन्तखब असते. पिंजारी, मणियार, तांबोळी, अत्तार, बागवान यांच्याकडे काय असते? त्यांच्याकडे दादी असते, नानी असते, एखादी फुफी असते. या लेखात आम्हांला या तोंडी राहिलेल्या इतिहासाविषयी बोलायचे आहे. त्याचे मोल काय, तो कुठे दगा देतो आणि तो हातचा जाऊ नये म्हणून काय करता येईल, एवढाच विषय आहे.

आमचा भाग या बाबतीत तसा नशीबवान आहे, कारण तोंडी इतिहास म्हणजे काय हे आम्हांला शेजारीच पाहायला मिळते. किनवट तालुक्यात आणि लगतच्या आदिलाबाद जिल्ह्यात गोंडांची वस्ती आहे. गोंडांच्या प्रत्येक कुळाचा एक परधान असतो. कुळाचा मूळपुरुष कोण, देव कोणता, कुळ कुठून कुठे गेले, कोणत्या कुळाशी सोयरीक चालते आणि कोणाशी चालत नाही, हे सारे परधान किंगरीवर गाऊन सांगतो. बापाकडून मुलाकडे हे ज्ञान जाते आणि त्याबद्दल यजमान कुळाने परधानाला द्यायचा मानही ठरलेला असतो. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला या लोकांची माहिती हवीशी वाटली आणि हैमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादच्या गोंडांत येऊन राहिले. १९४८ साली त्यांचे ‘राज गोंड’ लोकांवरचे पुस्तक निघाले. ज्यांच्याकडे लिपी नाही त्यांच्याकडे इतिहास नाही, असे मानणाऱ्यांना त्या पुस्तकाने आणि परधानांच्या कथांनी चोख उत्तर दिले आहे.

आमच्यात मात्र परधान नाही. घराण्याची नावे सांभाळण्याचे काम आम्ही कोणाकडे सोपवले नाही, त्यासाठी कोणाला मान दिला नाही, मूठभर धान्यही दिले नाही. ते आपसूक बायकांकडे गेले. जात्यावर, हळदीच्या रात्री ढोलकवर, बाळंतिणीच्या खोलीत आणि मयतीच्या घरी तीन दिवस बसलेल्या बायकांच्या बोलण्यात आमचे पूर्वज जिवंत राहिले.

जात्याचा आणि आमचा संबंध जुना आहे. विजापूरकडच्या सूफींनी दख्खनीत चक्कीनामे रचले ते जात्यावरच्या बायकांसाठी. दळता दळता अल्लाहचे, पैगंबरांचे आणि आपल्या पीराचे नाव ओठांवर यावे, हा त्यामागचा हेतू. रिचर्ड ईटन यांनी १९७८ साली विजापूरच्या सूफींवर लिहिलेल्या पुस्तकात या गाण्यांचा ऊहापोह केला आहे. दख्खनच्या खेड्यांत इस्लाम तलवारीपेक्षा जात्यावरून अधिक पोचला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. पुढे मराठवाड्यात आमच्या नान्या-दाद्या मराठी ओव्याही म्हणू लागल्या. ओवीत भावाचे नाव गुंफायचे, माहेरच्या गावाचे नाव गुंफायचे, ही रीत त्यांनी शेजारणींकडून सहज उचलली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपल्या घरातल्या ओव्या मात्र आपणच जमवायच्या राहिल्या. गावात पिठाची गिरणी आली, जाते अंगणात उलटे पडले आणि त्याबरोबर भावांची नावेही गेली.

तोंडी इतिहासाची कालगणनाही वेगळी असते. आमच्या दादीला आपला जन्म कोणत्या सनात झाला हे माहीत नव्हते. ‘मानमोडीच्या नंतर चार बरसात झाल्यावर’ असे ती सांगायची. मानमोडी म्हणजे १९१८ ची तापाची साथ. म्हणजे दादीचा जन्म १९२२ च्या आसपासचा. त्याच रीतीने अब्बांचा जन्म ‘पुलिस ॲक्शनच्या आदल्या साली’ आणि धाकट्या चाचांचे लग्न ‘मिलोच्या दुष्काळात’, म्हणजे १९७२ साली झालेले. लातूरकडच्या आमच्या नातेवाइकांच्या बोलण्यात १९९३ चा भूकंप अशीच खूण होऊन बसला आहे. जुन्या सरकारी कागदावर तारीख असेल तर ती फसली सनाची असते आणि त्यात सुमारे ५९० मिळवल्याशिवाय इसवी सन कळत नाही. कागद वाचायला जाणकार लागतो. दादीची कालगणना गावातल्या प्रत्येकाला कळत होती.

इस्लापूरच्या माणसाला या तोंडी साखळीची गरज इतरांहून थोडी अधिकच पडते. आज आम्ही नांदेड जिल्ह्यात आहोत. पण १९५६ पर्यंत इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि इस्लापूर सर्कल, किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात आले. त्याच दिवशी देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल, तसेच मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले नांदेड जिल्ह्यातून निघून आंध्र प्रदेशात गेली. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, २ जून २०१४ रोजी पलीकडे तेलंगण झाले. एकाच ओसरीवर जन्मून तिथेच म्हातारा झालेला माणूस निजामाच्या हैदराबाद संस्थानात जन्मला, मुंबई राज्यात वाढला आणि महाराष्ट्रात मेला. त्याचे जुने कागद आदिलाबादेकडे, शेतीचे नवे कागद किनवटला, आत्या भैंशाला दिलेली आणि पैनगंगेपलीकडे उमरखेडला दिलेली बहीण तर इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडात नांदलेली. हे सगळे एका कार्यालयात कधीच सापडणार नाही. ते सापडायचे तर एका म्हातारीच्या आठवणीतच.

आणि आता तर वंशावळ ही सरकारी गरज झाली आहे. इतर मागासवर्गाचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. आमच्या पिंजारी-मणियार मुलांचे इथेच अडते. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळेच्या दाखलखारिजात नाव नाही. खासरा पत्रात नाव असलेच तर जातीच्या जागी नुसते ‘मुसलमान’. नावही कसे? ‘शेख अमुक वल्द शेख तमुक’. गावात पंधरा घरे शेख असली की त्यातला आपला शेख कोणता, हे कागद सांगत नाही. ते शेजारचा म्हातारा सांगतो. ‘‘हा पिंजून गाद्या भरणाऱ्यांचा शेख, तो मशिदीमागचा’’ असा खुलासा कागदाबाहेरचा असतो. पण त्या खुलाशानेच कोणता कागद शोधायचा हे कळते.

ही अडचण फक्त आमची नाही, हेही अलीकडे दिसून आले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकालीन दप्तरे उघडली गेली आणि मोडी, उर्दू, फारसी वाचणाऱ्यांची एकाएकी गरज भासू लागली. १८८४ पासून हैदराबाद संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू होती, त्याआधी फारसी. म्हणजे मराठवाड्यातल्या मराठा शेतकऱ्याच्या पणजोबाचे नाव आज उर्दू अक्षरांत सापडते. इथल्या हिंदूंचा आणि मुसलमानांचा इतिहास किती एकमेकांत गुंतला आहे, हे सांगायला याहून मोठा दाखला नको.

तोंडी इतिहासाचे गुण सांगितले, आता दोषही सांगायला हवेत. नाहीतर ही नुसती भाबडी आठवण होईल.

पहिला दोष मूळ सांगण्यातला. कोणत्याही मुस्लिम घरात विचारा. तीन-चार पिढ्या नावानिशी सांगितल्या जातील. त्यामागे एकदम ‘आमचे पूर्वज अरबस्तानातून आले’ किंवा ‘बुखाऱ्याहून आले’. मधली तीन-चारशे वर्षे कुठे गेली? यान व्हान्सिना या बेल्जियन इतिहासकाराने आफ्रिकेत मौखिक परंपरांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याला सगळीकडे हेच आढळले. अलीकडचे भरपूर आठवते, अगदी उगमाचे भरपूर सांगितले जाते आणि मधला काळ रिकामा असतो. ही पोकळी खोटेपणाची नसते, ती स्मरणाच्या स्वभावातलीच आहे. मात्र ती भरताना आपण काय भरतो, हे तपासले पाहिजे. काही घराणी खरोखर बाहेरून आली असतील. पण आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात हळद लागते, ओटी भरतात, आडनाव पाटील-देशमुख असते, सुगीला शेतात नैवेद्यासारखी नियाज होते. ही माणसे बुखाऱ्याची नव्हेत, ती गोदावरी-पैनगंगेच्या काठचीच आहेत. बाहेरचे मूळ सांगण्यात एक काळ प्रतिष्ठा होती. आज तेच सांगणे आपल्याला आपल्याच मातीत परके ठरवायला वापरले जाते.

दुसरा दोष विचारणाऱ्याचा. अलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ १९७६ साली निघाले आणि जगभर गाजले. गॅम्बियातल्या जुफुरे गावच्या एका वृद्धाने सांगितलेल्या वंशावळीत आपला पूर्वज कुंटा किंटे सापडल्याचे हेलींनी लिहिले. मांडिंका मुसलमानांतल्या ग्रिओंचे, म्हणजे वंशावळ गाणाऱ्यांचे, नाव त्यामुळे सर्वतोमुखी झाले. पुढे डोनाल्ड राइट या इतिहासकाराने जाऊन चौकशी केली. तो वृद्ध परंपरेने तयार झालेला ग्रिओ नव्हता आणि पाहुण्याला काय ऐकायचे आहे हे गावाला आधीच कळलेले होते, असे त्यांना आढळले. ‘रूट्स’चे मोल यामुळे संपत नाही, काळ्या अमेरिकनांना त्याने आपल्या पूर्वजांकडे वळून पाहायला लावले. पण धडा घेण्यासारखा आहे. ‘‘आपण सय्यद होतो ना, दादी?’’ असे विचारले तर दादी ‘‘हौ’’च म्हणणार. ‘‘आपले लोक काय काम करायचे?’’ असे विचारावे.

तिसरा दोष आम्हांला सर्वांत जास्त खुपतो. जिने इतिहास सांभाळला तिचेच नाव त्यात नाही. दादी बावीस नावे सांगायची. त्यांत बायका होत्या सात आणि त्यांपैकी खरे नाव दोघींचेच. बाकीच्या ‘भैंसेवाली’, ‘बोधनवाली’, ‘उमरखेडवाली’. सून ज्या गावाहून आली त्या गावाच्या नावाने तिला हाक मारायची, हा आमच्याकडचा अदब. सासऱ्यासमोर सुनेचे नाव कसे घ्यायचे? आदर म्हणून नाव घेतले नाही आणि घेतले नाही म्हणून ते नाहीसे झाले. कागदानेही काही वेगळे केले नाही. तिथे ती ‘जौजे शेख अमुक’ असते.

तरीही या गावांच्या नावांत काही शिल्लक आहे. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात ‘मुकद्दमा’ लिहिली. त्यात हजरत उमर यांचा म्हणून सांगितला जाणारा एक उपदेश येतो. आपला नसब शिकून ठेवा, मूळ विचारले की नुसते गावाचे नाव सांगणाऱ्या इराककडच्या नबती शेतकऱ्यांसारखे होऊ नका, असा त्याचा आशय. अरबी कबिल्यांना तो योग्यच होता. पण आम्ही त्या नबती शेतकऱ्यांच्याच जातकुळीचे. आम्हांला मूळ विचारले तर आम्ही गावच सांगतो. ‘भैंसेवाली’ या एका शब्दावरून आम्हांला कळते की आमची सोयरीक कुठवर होती, १९५६ ची हद्द कोणत्या नात्यावरून गेली आणि घरात तेलुगू शब्द कोणत्या बाईच्या तोंडून आले. कुराणात कौम आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून असल्याचे सांगितले आहे, बडेजावासाठी नव्हे. गावाचे नाव ती ओळख पटवायला पुरते. नसब म्हणून आम्हांला त्याची लाज वाटू नये.

चौथी गोष्ट दोषापेक्षा जखमेची आहे. दादीच्या यादीत तीन नावे अशी होती की ती घेताना तिचा आवाज खाली जायचा. ते तिचे माहेरचे लोक, उदगीरकडचे. ‘‘पुलिस ॲक्शनमें गए’’ एवढेच ती म्हणायची. कसे गेले, कुठे पुरले, पुरले तरी का, हे तिने कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत हैदराबाद संस्थान भारतात आले. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जो जुलूम केला तो नाकारता येत नाही आणि आपण तो नाकारूही नये. त्याविरुद्ध लिहिणाऱ्या शोएबुल्लाह खान या मुसलमान संपादकाला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत भर रस्त्यात मारले गेले, हेही विसरू नये. पण कारवाईच्या काळात आणि नंतरच्या आठवड्यांत सूड उगवला तो बहुतांशी अशा माणसांवर, ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून सरकारला अहवाल दिला. कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे त्यांनी नोंदवले. १९८२ साली झालेला आजचा लातूर जिल्हा मुख्यतः तेव्हाच्या उस्मानाबाद आणि बिदर या दोन जिल्ह्यांच्या भागांतून बनला आहे. उदगीर तेव्हा बिदरमध्ये होते. शेजारच्या मुसलमानांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्या अहवालात आहे. हा अहवाल कित्येक दशके दडून राहिला. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना दिल्लीत पाहायला मिळू लागला. त्यात आकडे आहेत. दादीची तीन नावे त्यात नाहीत. ती फक्त फातेहात होती.

ज्या घरांत माणसे गेली त्यांनी मुलांना भीती नको म्हणून सांगितले नाही. ज्या घरातला एखादा रझाकारांत होता त्यांनी शरमेने सांगितले नाही. या दोन मौनांत फरक आहे. पण ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच ऐकू येतात. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या बरेच पुढे आहे. विचारायचे तर आताच. सूड म्हणून नव्हे, हिशेब मागायलाही नव्हे. मेलेल्याला नाव असावे, एवढ्यासाठी.

तोंडी इतिहास विश्वासार्ह कसा करायचा, याची पद्धत आम्हांला बाहेरून आणायला नको. हदीस जमवणाऱ्यांनी ती हजार-बाराशे वर्षांपूर्वी घालून दिली. काय सांगितले त्याआधी कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, तो त्याला खरोखर भेटला होता का, त्याची स्मृती कशी होती, हे पाहायचे. सनद असल्याशिवाय मजकूर घ्यायचा नाही. सांगणाऱ्या माणसांची पारख करण्याचे ‘अस्मा-उर-रिजाल’ हे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. तीच शिस्त आपल्या घराला लावावी. वहीत नुसते ‘परदादा भैंशाहून आले’ असे लिहू नये. ‘दादीने सांगितले, तिने तिच्या सासूकडून ऐकले, पण उमरखेडच्या फुफीच्या म्हणण्याप्रमाणे ते निर्मलहून आले’ असे लिहावे. दोघींचे जुळत नसेल तर दोन्ही ठेवावे, आपण निवाडा करू नये. हातात मोबाईल आहे, आवाज भरून घ्यावा, म्हणजे दादी कुठे थांबली आणि कुठे तिचा आवाज खाली गेला हेही राहील. आणि पहिला प्रश्न बायकांच्या नावाचा विचारावा.

काही घरांत आता फातेहा होत नाही. ते दुरुस्त आहे की नाही, हा वाद उलेमांचा आहे; आम्ही त्यात पडत नाही. पण जिथे दस्तरखान उठला तिथे नावे घेण्याची जागाही उठली, हे ध्यानात घ्यावे. दुआ तर सगळेच करतात. त्या दुआत नावे यावीत. ज्यांना तेही मान्य नाही त्यांनी वही करावी.

आमच्या अब्बांच्या एकोणीस नावांचा कागद आम्ही केला आहे. मागच्या वर्षी भैंशाच्या एका वृद्ध खालाकडे तो वाचून दाखवला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘बीबी का नाम कां है?’’ आणि ‘भैंसेवाली’ म्हणून आम्ही लिहिले होते तिचे खरे नाव त्यांनी सांगितले. ते आम्ही तिथेच लिहून घेतले. समोर खालांचे नाव आणि त्यांनी ते कोणाकडून ऐकले तेही लिहिले. सुटलेली चार नावे अजून मिळालेली नाहीत. त्यांच्यासाठी कागदावर चार ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत.